टोपीखालचं कपाळ

आमच्या खानदानात वेळेच्या आधी कुठं पोचलेला एकही माणूस सापडायचा नाही. लग्नाला जावं तर अक्षता पडून गेलेल्या असतात, आणि एसटी तर रोज आमच्या नाकासमोरूनच हलते. माझी पोरगी मात्र अडीच महिने आधी आली. तेही कधी, तर डोहाळजेवणाच्या दिवशी. जालन्यातली आमची भाड्याची खोली सोडून बायको तेवढ्यासाठी हसनाबादला माझ्या मायकडं गेल्ती. हिरवी साडी नेसून पाटावर बसली आणि म्हणाली, ‘अवो, मला डोळ्यांपुढं अंधारल्यासारखं होऊन राह्यलंय.’ बीपी आभाळाला. जालन्याच्या दवाखान्यात पोचल्याबरोबर डॉक्टर मॅडमनी सांगून टाकलं, की आता बाळ आत ठेवलं तर दोघंही जातील. पोट चिरून काढलं. तिकडं गावात पाहुण्यांनी पुरणपोळ्या खाऊन घेतल्या, कारण त्या फेकायच्या कशा?

पोरगी अकराशे पन्नास ग्रॅमची होती. मी एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत लॅबला आहे, त्यामुळं वजन ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात आली ती कपाशीच्या बियाण्याची पाकिटं. अडीच पाकिटंसुद्धा भरत नव्हती ती. पोटची पोर मरणाच्या दारात आणि बाप पाकिटं मोजतोय. पण खरं ते खरं.

लॅब म्हटलं की लोकांना वाटतं, मी काय शोध लावून राह्यलोय. तसलं काही नाही. शंभर बिया ओल्या कागदावर ओळीनं मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, उबेच्या कपाटात ठेवायची, आणि ठरल्या दिवशी उलगडून मोजायचं. तीन रकाने असतात. कोंब आणि मूळ बराबर असलं तर नॉर्मल. वाकडं, खुंटलेलं असलं तर अबनॉर्मल. बाकी मेलेलं. अकरा वर्षं झाली, मी एवढंच करतो. बियांना लावलेल्या औषधाचा गुलाबी रंग माझ्या नखांत कायमचा बसलाय. नवीन माणसाला वाटतं, मी बायकोचं नेलपॉलिश लावतो.

तर पोरगीला काचेत ठेवलं. म्हणायचं आपलं काचेत, पण खोली तेवढी काचेची होती. आत वरून गरम हवा देणाऱ्या उघड्या खाटा होत्या, त्यांना वॉर्मर म्हणत. त्यावर माझी पोरगी, नाकात नळी, पायाला वायर, अंगावर कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा, आणि डोक्यावर पिवळी विणलेली टोपी. टोपी पार भुवयांपर्यंत ओढून खाली नाडीनं बांधलेली. एवढ्याशा चेहऱ्यात टोपीच जास्त दिसायची.

तिसऱ्या दिवशी बाळांच्या डॉक्टर मॅडमना गाठून मी विचारलं, ‘मॅडम, मेंदूचं काय? नॉर्मल होईल का अबनॉर्मल?’

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. मंग मी माझ्या कामाचं सांगितलं, तीन रकाने सांगितले. मॅडम कमी बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी त्यांना माझी दया आली असावी. केसपेपर उलटा करून त्यांनी त्यावर एक ठिपका काढला आणि त्याला फांद्या काढल्या.

‘बाळाच्या मेंदूत काही प्रोटीन्स असतात,’ त्या म्हणाल्या. ‘पेशींना निरोप देणारी. वाढ, फांद्या फोड, शेजारणीला जोडून घे, असे निरोप. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत हे काम सगळ्यात जोरात चालतं. काही निरोप आईकडून येतात, काही वारेतून, म्हणजे नाळ जोडलेली असते तिथून. बाळ आधीच बाहेर आलं, की ते तुटतात. ही प्रोटीन्स कमी पडतात. पुढं शरीर स्वतः बनवायला लागतं, कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा.’

‘मंग आपली कोणत्या रकान्यात?’

‘आम्ही रकाने करत नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘दर आठवड्याला डोक्याचा घेर मोजू. डोकं वाढतंय म्हणजे आत मेंदू वाढतोय, आत्ता एवढंच आपल्याला बाहेरून दिसतं.’ जन्माच्या वेळी घेर होता साडेसव्वीस सेंटिमीटर. तो आकडा त्या दिवसापासून आमच्या घरात देवासारखा बसला.

मी बाहेर आलो आणि बाकड्यावर बसलेल्या मंडळींना एका वाक्यात सांगितलं, ‘मेंदू वाढायचं प्रोटीन कमी पडून राह्यलंय.’ माझी चूक. एवढं लांबलचक ऐकून बाहेर एक वाक्य सांगायचं नसतं, निदान आमच्या लोकांना तर बिलकुल नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बायकोच्या खाटेखाली तीस गावरान अंडी, सोयाबीनच्या वड्यांची थैली आणि व्यायामशाळेत मिळणारा पावडरचा डबा जमा झाला. डबा मेव्हण्यानं अंबडहून आणलेला. त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचा फोटो. बायको टाके धरून म्हणाली, ‘अवो, हे मी पिले तर पोरगी काय बाहेर येऊन ट्रक वडणार हाय का?’

पण मायनं सगळ्यांवर कडी केली.

माझ्या मायचं सगळं तरुणपण मेंढरांमागं गेलं. आज्याच्या काळी आमचा मोठा कळप होता, पावसाळा सोडला तर बिऱ्हाड पाठीवरच असायचं. आता दोन एकर सोयाबीन, चार शेळ्या आणि मायचं तोंड एवढंच शिल्लक राहिलंय. ते तोंड वारशानं मला मिळालं. तर मायचा विचार सरळ होता. मेंदू कमी पडतोय ना, मंग मेंदूच खाऊ घालायचा. स्टोव्हवर बोकडाचा भेजा परतून, वर कोथिंबीर टाकून, डबा घेऊन ती वॉर्डात हजर. बायकोनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि टाक्यांचा विचार न करता खाटेच्या कडेला ओकली. नेमक्या त्याच वेळी मॅडम राउंडला आल्या.

‘प्रोटीन म्हणजे खायचंच असतं असं नाही हो,’ मॅडम म्हणाल्या. मला वाटलं चिडतील, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. ‘हे दुकानात मिळत नाही आणि बोकडाच्या डोक्यातूनही येत नाही. तुम्हाला करायचंच असेल तर तीन गोष्टी करा. आईचं दूध, ऊब आणि शांतता.’

दूध ठीक होतं. ऊबही जमली असती. शांतता म्हटल्यावर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं.

बायकोला अजून उठता येत नव्हतं. ती वाटीत दूध काढून द्यायची, कसंबसं चमचाभर, आणि माय ती वाटी पदराखाली झाकून खालच्या मजल्यावर काचेच्या खोलीत न्यायची. हात धुऊन, गाऊन घालून आत. सिस्टर ते दूध नळीनं द्यायच्या आणि मायला दोन मिनिटं खाटेशी उभं राहू द्यायच्या. अशा दिवसातून आठ-नऊ खेपा. पाय सुजले, पण वाटी एकदाही सांडली नाही.

मंग आला पाचवा दिवस. आमच्याकडं पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. घरी असतं तर पाटा-वरवंटा पुजला असता, कोरा कागद आणि पेन ठेवलं असतं. माय सकाळपासून बेचैन. दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा पिताना तिनं कंबरेच्या चंचीतून घडी घातलेला कोरा कागद काढून दाखवला आणि म्हणाली, ‘पाट्याला तर आत येऊ देत न्हाईत. ह्यो कागद तेवढा ठिवते बाई तिच्या उशाला. यील का रं ती दवाखान्यात?’

आता गप बसायचं की नाही? पण माझी जीभ. भीती वाटली की मला चेष्टा सुचते, हा माझा जुना रोग आहे.

म्हटलं, ‘येण्याचं काय, यील. पण लिव्हणार कुठं? पोरीचं कपाळ हाय टोपीत. सटवाईनं टोपीवर लिव्हलं, आन् सिस्टरनं टोपी टाकली धुवायला, की गेलं नशीब साबणाच्या पाण्यात.’

टपरीवाला हसला. मीही हसलो. माय हसली नाही, बशीतला चहा तसाच ठेवून उठली. मी आपला गाडीला किक मारून कंपनीत गेलो.

दुपारी साडेचारला फोन आला, लगेच या. कपाशीच्या बिया मांडलेला कागद मी तसाच उघडा टाकून निघालो. रस्त्यात सळईच्या ट्रकांमागं अडकलो तेव्हा एवढ्या मोठ्यानं शिव्या दिल्या, की एका ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, काय झालं भाऊ? मी म्हटलं, पोरगी. त्यानं ट्रक बाजूला घेतला.

पोचलो तेव्हा तिचं सावरलं होतं. मॅडम म्हणाल्या, ‘अंग गार पडलं होतं. मधेच श्वास धरला. तळपायाला टिचक्या मारून परत घ्यायला लावला. आता ठीक आहे. पण हिची टोपी कुणी काढली? एवढ्याशा बाळाची सगळी ऊब डोक्यातून जाते. दुधाच्या वेळी होती, नंतर सिस्टर शेजारच्या बाळात गुंतल्या, तेवढ्यात गेली.’

बाकड्यावर माय बसली होती. एक हात चंचीवर घट्ट दाबून धरलेला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कपाळ मोकळं करून ठेवलं होतं बाईनं, सटवाईला लिहायला.

‘निघाली असंल मॅडम आपोआप,’ मी म्हणालो.

‘बांधलेली टोपी आपोआप निघते?’

‘आमच्याकडची पोरं लई चळवळी असतात, मॅडम.’

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं, आणि नवी टोपी मागवली. आता पांढरी. मायनं एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. मी म्हणू शकलो असतो, माय, तुझी चूक न्हाई, माझ्या तोंडाची चूक हाय. तेवढे सात-आठ शब्द. दिवसभर टकळी चालवणाऱ्या माणसाला ते जड झाले. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती. बोललो तर खरंच झालं असतं ते.

सातव्या दिवशी घेर मोजला. सव्वीस. अर्धा सेंटिमीटर कमी.

मॅडमनी लगेच सांगितलं, पहिल्या आठवड्यात अंगातलं पाणी कमी होतं, बाळंतपणातली सूज उतरते, डोक्याची हाडं सरकतात, बहुतेकांचं होतं असं, टोपीचा आणि याचा काही संबंध नाही. मला ते पटलं. म्हणजे दिवसा पटायचं. मायनं मात्र फक्त ‘कमी’ एवढंच ऐकलं. तिनं परत विचारलंसुद्धा नाही. खेप संपवून ती बाकड्याच्या टोकाला बसायला लागली आणि तिचं तोंड बंद झालं. वॉर्डातल्या आयाबाईशी भांडण नाही, सिस्टरला नावं ठेवणं नाही, मला ‘मुडद्या’ म्हणणं नाही. चार दिवस मला कुणी मुडद्या म्हटलं नाही, आणि मला रडू आलं. खरंच सांगतो, कंपनीच्या मुतारीत जाऊन रडलो.

पुढचे दोन आठवडे घेर हळूहळू वर आला. साडेसव्वीस, मंग सत्तावीसला थोडा कमी. नळीची गरज कमी झाली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता कांगारू करायचं. बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, तासन्तास धरायचं. त्यानं श्वास सुधारतो, झोप सुधारते, आणि ती मेंदूची प्रोटीन्स वाढायलाही मदत होत असावी, अजून लोक शोधतायत. बायकोला ताप होता, तर पहिला नंबर माझा.

सिस्टरनं मला तीनदा हात धुवायला परत पाठवलं. ‘हा रंगच आहे हो,’ मी ओरडून सांगत होतो. चौथ्यांदा त्यांनी स्वतः ब्रशनं घासले आणि मंग म्हणाल्या, ‘अरेच्चा, रंगच आहे.’ शर्ट काढला. माझ्या छातीवर पुष्कळ केस आणि पोट पुढं. सहा बायका बघतायत. लाजेनं मेलो. मंग पोरगीला छातीवर ठेवलं, वरून कापड बांधलं, आणि मला कळेना, की मी श्वास घ्यावा का न घ्यावा. ती एवढी हलकी, की खाली बघून खात्री करावी लागायची. दोन तास हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, बसू दिली.

आठवडाभर असं चाललं. मंग कंपनीत हंगामाची घाई सुरू झाली, मला सुट्टी मिळेना, आणि बायकोचा ताप परत चढला. सिस्टर बाहेर येऊन मायला म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही बसा आज.’

माय म्हणाली, ‘माझा हात न्हाई लावायचा तिला.’

मी निघतच होतो, दारात थांबलो. सिस्टरला काही कळेना. ‘अहो आजी, काही अवघड नाही. छातीशी धरायचं फक्त.’

‘मला काय शिकवून राह्यली?’ तीन आठवड्यांत पहिल्यांदा मायचा आवाज चढला. ‘अधुरं कोकरू मी किती वेळा चोळीत घालून फिरले. आठ-आठ दिस. माहीत हाय मला.’

‘मग झालं की. जगायचं ना ते?’

मायनं पदर डोक्यावर ओढला. मंग म्हणाली, ‘कधी जगायचं. कधी न्हाई.’

मला वाटलं, आता बोलावं. माय, टोपीचं मी बोल्लो व्हतो. तोंड उघडलंही. आणि काय निघालं त्यातून? ‘माय, बस की. तुझी छाती माझ्यापेक्षा बरी, केस तरी न्हाईत.’ सिस्टरनं डोळे वटारले. मायनं माझ्याकडं बघितलं नाही, पण उठली.

ती बसली. बाकीचं मी काचेतून बघितलं, कंपनीत उशीर झाला तरी. पोरगीला छातीशी घेतल्यावर मायनं पहिली गोष्ट केली ती टोपीची नाडी तपासली. मंग आणखी एक गाठ मारली. मंग सगळा पंजा टोपीवर ठेवला. सिस्टरनं मागनं सांगितलं, की तीन तास आजींनी पंजा उचलला नाही, पाणी नाही, लघवीला नाही. उठवायला गेल्या तर म्हणाल्या, ‘अजून थोडं वाढू दे.’

पन्नास दिवसांनी आम्ही घरी आलो. माय आमच्यासोबत जालन्यातच राहिली, शेळ्या चुलतभावाला देऊन. बायको घरी ब्लाउज शिवते, तिचा मापाचा टेप होताच. रविवारी पोरगीची अंघोळ झाली की बायको टेप धरायची, मी आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो, आणि माय ओरडायची, ‘वाढलं!’ मायला आकडे येत नाहीत. चष्माही नाही. टेप डोक्याला लागायच्या आधीच ती ओरडायची, गल्लीतल्या कुत्र्यांना ऐकू जाईल असं. एका रविवारी तर बायको टेप शोधतच होती आणि आतून आवाज आला, ‘वाढलं!’

एकदा सुपारी पाहिजे होती म्हणून मी मायच्या चंचीत हात घातला. माय नळावर गेल्ती. सुपारीच्या खाली, त्या कोऱ्या कागदात गुंडाळलेली पिवळी टोपी. माझ्या मुठीत मावेल एवढी. मी ती तशीच परत ठेवली आणि सुपारी न खाता कामावर गेलो. म्हणजे ही बाई रोज ती कंबरेला बांधून हिंडत होती.

पोरगी बसली उशिरा, रांगली उशिरा, चालली दीड वर्षानंतर. गल्लीतल्या बायका यायच्या, ‘अजून बोलत न्हाई व्हय?’ मी म्हणायचो, आमच्या घरात बोलायला नंबर लावावा लागतो, तिचा नंबर अजून आला न्हाई. त्या हसून जायच्या. दार लावलं की बायको आणि मी एकमेकांकडं बघायचो नाही. बोलायची, पण मोजकंच. मम, माऊ, न्हाई, आणि अर्थातच ‘वाढलं’. कपाट उघडलं, वाढलं. शेळी दिसली, वाढलं.

दोन वर्षांची झाली तेव्हा मॅडमनी मेंदूच्या वाढीची मोठी तपासणी ठेवली. तासाभराची. ठोकळे, चित्रं, चेंडू, आणि मॅडमच्या पुढ्यात छापील फॉर्म. त्यावर रकाने. मी बघितलं, चांगले आठ-दहा रकाने होते. मॅडम म्हणाल्या होत्या ना, आम्ही रकाने करत नाही? मी आपला ते परत मोजायला लागलो.

मॅडम म्हणाल्या, ठोकळ्यावर ठोकळा ठेव. पोरगीनं ठोकळा उचलला आणि मेजाखाली फेकला. चित्रातली गाय दाखव. पोरगीनं मॅडमचं पेन दाखवलं. चेंडू दे. दिला नाही, त्यावर बसली. मॅडम शांतपणे लिहीत होत्या. एकेक खूण कागदावर पडायची आणि माझ्या छातीत वाजायची. बायकोनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं, की हात बधिर. माय कोपऱ्यातल्या खुर्चीवर, डोक्यावर पदर, हात चंचीवर. तोंड बंद. अगदी त्या दिवशीसारखी.

मेजावर मॅडमचा टेप पडला होता. तोच, डोक्याचा घेर मोजायचा. पोरगीनं तो ओढला. मॅडम हात पुढं करणार, पण थांबल्या. पोरगी टेप फरपटत मायकडं गेली, खुर्चीच्या दांड्यावर चढली, आणि मायच्या डोक्यावरचा पदर एका झटक्यात मागं सारला. माय दचकली. पोरगीनं टेप मायच्या कपाळाला लावला, मागून पुढून गुंडाळायला बघितलं, जमेना, मंग नुसताच दोन्ही हातांनी कपाळावर दाबून धरला. वाकून जवळून बघितलं. बायको बघते तसंच, एक डोळा बारीक करून.

आणि ओरडली, ‘वाढलं!’

माय रडायला लागली. आवाज न करता नाही, चांगली भोकाड पसरून. बाहेर बसलेल्या पेशंटांनी दार ढकलून बघितलं. पोरगीला त्याचं काही नाही. ती खाली उतरली, माझ्याकडं आली, शर्ट ओढून मला वाकवलं आणि टेप माझ्या कपाळावर दाबला. बराच वेळ बघितलं. टेप उलटा करून बघितलं. मंग मान हलवली.

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘न्हाई वाढलं.’

मंग माय पदरानं नाक पुसत म्हणाली, ‘बराबर बोल्ली बाई. तुझ्या बापाचं डोस्कं हाय तेवढंच हाय. तोंडच वाढलंय मुडद्याचं. टोपीचं त्योच बोल्ला व्हता त्या दिशी. आन् मी येडी, मी ऐकलं.’

दोन वर्षं ही बाई हे पोटात घेऊन होती. मला कधी बोलली नाही.

‘व्हय माय,’ मी म्हणालो. ‘मीच बोल्लो व्हतो. तुझी चूक न्हाई.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘कुठली टोपी?’

मायनं माझ्याकडं बघितलं, मी मायकडं.

‘काई न्हाई मॅडम,’ आम्ही दोघं एकदमच म्हणालो.